होमस्क्रीनवर काय ठेवायचं, गाणं कुठून थांबवायचं : विजेट आणि मीडिया कंट्रोल नीट लावण्याची रीत

नवा फोन हातात आला की पहिल्या पडद्यावर कंपनीनेच काहीबाही मांडून ठेवलेलं असतं. मोठं घड्याळ, शोधपट्टी, हवामानाचा चौकोन आणि कुठल्यातरी खरेदीच्या अ‍ॅपची जाहिरातवजा पट्टी. बरेच जण फोन बदलेपर्यंत तेच ठेवतात आणि विजेट, म्हणजे अ‍ॅप न उघडता त्यातली माहिती पडद्यावरच दाखवणारे हे चौकोन, काही कामाची नसतात म्हणतात. त्या विजेटांपुरतं ते खरंही आहे. ती तुमच्या सोयीसाठी लावलेलीच नसतात.

आपल्या कामाचं विजेट ओळखायला मी दोन प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट बघायला तुम्ही दिवसातून चार-पाच वेळा तेच अ‍ॅप उघडता का? आणि उघडल्यावर दहा सेकंदांत बंद करता का? दोन्हीला हो म्हणालात तर त्याचं विजेट लावा. उद्याची पहिली मीटिंग किती वाजता, किराणात काय राहिलं, पाऊस आहे का, ही अशी कामं. ईमेल तुम्ही दहादा उघडत असाल, पण उघडल्यावर त्यात रमता. त्याचं विजेट पडदा अडवतं आणि जीव खातं, उपयोग शून्य. बातम्यांचं तर लावूच नका.

अँड्रॉइडवर बाहेरच्या अ‍ॅपना विजेट लावायची मुभा २००९ मध्ये १.५ या आवृत्तीपासून मिळाली. आयफोनच्या होमस्क्रीनवर विजेट यायला २०२० उजाडलं. अँड्रॉइडवर आकार, कडा, विजेट निवडायची यादी हे सगळं २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये नव्याने बसवलं गेलं. तुमचा फोन त्याहून जुना असेल तर खाली सांगितलेल्या एखाद-दोन गोष्टी दिसणार नाहीत, बाकी रीत तीच. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असल्याने विस्तार त्याचाच केला आहे. आयफोनचं शेवटाकडे थोडक्यात येईल.

आधी पडदा मोकळा करा

भरलेल्या पडद्यावर विजेट ओढत नेलं की फोन ते उचलून पुढच्या पानावर टाकतो किंवा जागा नाही म्हणून सांगतो. म्हणून आधी आवराआवर. कंपनीने लावलेल्या विजेटवर बोट दाबून धरा. 'रिमूव्ह' असं काहीतरी वर दिसेल किंवा विजेटशेजारीच छोटा मेनू उघडेल. विजेट काढलं म्हणून अ‍ॅप जात नाही, त्यातला मजकूरही जात नाही. इथे पुष्कळजण घाबरतात. फक्त आयकॉन काढताना 'रिमूव्ह' आणि 'अनइन्स्टॉल' यातला फरक बघून बोट ठेवा.

पहिल्या पानावर दोन ओळी आयकॉन आणि वर विजेट, एवढंच ठेवावं. बाकीची अ‍ॅप खालून वर सरकवल्यावर यादीत मिळतातच. काही फोनवर, विशेषतः रेडमी, विवो, रियलमीवर, ही यादी बंद असते आणि प्रत्येक अ‍ॅप होमस्क्रीनवरच येऊन बसतं. तिथे होमस्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप ड्रॉवर' किंवा 'ड्रॉवर मोड' निवडा. निम्मा कचरा तिथल्या तिथे नाहीसा होतो.

विजेट आणायचं कसं

१. होमस्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा. खाली 'वॉलपेपर', 'विजेट्स' वगैरे पर्याय येतात. काही फोनवर दोन बोटं चिमटीसारखी जवळ आणली तरी हेच दिसतं.

२. 'विजेट्स'वर टॅप केलं की अ‍ॅपच्या नावांची यादी येते. हव्या त्या नावावर टॅप करा. त्या अ‍ॅपची सगळी विजेट दिसतील आणि प्रत्येकाखाली ४ × २, २ × २ असे आकडे असतील. ही आयकॉनच्या घरांची मोजणी आहे. ४ × २ म्हणजे चार आयकॉनइतकं रुंद, दोन आयकॉनइतकं उंच.

३. हवं ते विजेट दाबून धरून होमस्क्रीनवर न्या आणि सोडा. काही विजेट सोडल्याबरोबर विचारतात : कोणतं खातं, कोणती यादी, कोणतं शहर. उत्तर न देता मागे गेलात तर विजेट गायब होतं. फोन बिघडला असं समजू नका, पुन्हा ओढून आणा.

४. आकार बदलायला विजेट दाबून धरा आणि बोट उचला. भोवती कडा आणि त्यावर ठिपके दिसतात, ते ओढा. पुष्कळ विजेट मोठी केली की जास्त माहिती दाखवतात. कॅलेंडरचं विजेट दोन घरं उंच असेल तर जेमतेम एखादी नोंद दिसते, चार घरं केलं तर अख्खा दिवस.

आणखी एक जवळचा रस्ता आहे. अ‍ॅपच्या आयकॉनवरच बोट दाबून धरा. त्या अ‍ॅपला विजेट असेल तर छोट्या मेनूत विजेटची खूण येते. शंभर अ‍ॅपच्या यादीतून खाली-खाली सरकत बसण्यापेक्षा हे बरं.

सॅमसंगवर एकाच जागी दोन-तीन विजेट एकावर एक रचता येतात आणि बोटाने सरकवत बघता येतात. विजेट दाबून धरलं की 'क्रिएट स्टॅक' येतं. सोय चांगली आहे, पण खाली दडलेलं विजेट आपण फारसं बघत नाही. रोज लागणारं वरच ठेवा.

कोणती ठेवावीत

किराणाची यादी. गुगल कीपमध्ये चौकोनी खुणांची यादी करा आणि तिचं एका नोंदीचं विजेट लावा. नव्या आवृत्तीत विजेटवरच खूण करता येते. दुकानात उभं राहून अ‍ॅप उघडा, नोंद शोधा, हे करावं लागत नाही. यादी घरच्यांबरोबर शेअर केली असेल तर घरून कोणी 'हिंग' वाढवलं की ते तुमच्याही पडद्यावर येतं. लगेच आलं नाही तर एकदा अ‍ॅप उघडून बंद करा.

कॅलेंडर. महिन्याचं विजेट देखणं दिसतं, पण छोट्या चौकोनांत अक्षरं इतकी बारीक होतात की वाचवत नाहीत. 'शेड्यूल' प्रकारचं, म्हणजे आजपासून पुढची यादी दाखवणारं घ्या. विजेचं बिल, गॅसचा नंबर, मुलांच्या परीक्षा, विम्याचा हप्ता, सगळं एका ओळीखाली एक येतं. तिथी, चतुर्थी, एकादशी हवी असेल तर पंचांगाच्या अ‍ॅपचं विजेट वेगळं लावावं लागतं. ते लावण्याआधी त्या अ‍ॅपमध्ये जाहिराती किती येतात ते दोन दिवस पाहा.

हवामान. हे सर्वांत जास्त लावलं जाणारं आणि सर्वांत जास्त फसवणारं विजेट. पुण्याहून निघालात, नागपुरात उतरलात, तरी चौकोनात पुण्याचे २६ अंश आणि ढग! याचं कारण लोकेशनची परवानगी. अँड्रॉइड १० पासून फोन विचारतो : लोकेशन फक्त अ‍ॅप उघडं असताना द्यायचं की कायम? आपण शहाणपणाने 'उघडं असतानाच' म्हणतो. विजेट मात्र अ‍ॅप बंद असताना काम करतं, म्हणून त्याला नवं ठिकाण कळत नाही. कायमची परवानगी देऊन टाकणं हा उपाय आहे, पण बॅटरी आणि खासगीपणा दोन्हींचा विचार करता मी तो सुचवणार नाही. विजेटच्या सेटिंगमध्ये शहर हाताने ठरवून द्या. प्रवासाला गेलात तर बदला. अँड्रॉइड १२ पासून विजेट दाबून धरल्यावर कोपऱ्यात पेन्सिलची खूण दिसत असेल तर तिथूनच शहर बदलता येतं.

आणि या चौकोनावर शेतीचं वेळापत्रक ठरवू नका. त्यातला पावसाचा टक्का मोठ्या भागाचा अंदाज असतो, तुमच्या शिवाराचा नव्हे. शेतकऱ्यांसाठी हवामान विभागाचं 'मेघदूत' अ‍ॅप २०१९ पासून आहे. त्यात जिल्ह्यानुसार आणि पिकानुसार सल्ला मिळतो. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने केलेलं 'दामिनी' आहे. विजेचा इशारा मात्र विजेटवर सोडायची गोष्ट नाही. त्या अ‍ॅपची नोटिफिकेशन आणि लोकेशन दोन्ही चालू ठेवा. इथे मी वर सांगितलेला कंजूषपणा करायचा नाही.

थेट फोन लावणारं विजेट. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं आणि याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. विजेटच्या यादीत 'कॉन्टॅक्ट्स'मध्ये 'डायरेक्ट डायल' किंवा 'डायरेक्ट कॉल' नावाचं एका घराचं विजेट असतं. ते ओढून आणलं की कोणाला फोन लावायचा ते विचारतं. मग त्या चौकोनावर एकदा टॅप केलं की सरळ फोन लागतो. आजी-आजोबांच्या फोनवर अशी चार ठेवा : मुलगा, मुलगी, डॉक्टर, शेजारच्या काकू. लावताना तीन गोष्टी बघा.

पहिली, त्या नंबरला फोटो जोडा. विजेटवर फोटोच दिसतो, त्यामुळे चष्मा हाताशी नसला तरी चेहरा ओळखता येतो. दुसरी, फोनमध्ये दोन सिम असतील तर प्रत्येक वेळी 'कोणत्या सिमवरून?' असा प्रश्न येतो आणि आजोबा तिथेच अडकतात. सिमच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी एक सिम कायमचं ठरवून टाका. तिसरी, होमस्क्रीन कुलूपबंद करा. सॅमसंग आणि रेडमीवर होमस्क्रीनच्या सेटिंगमध्ये 'लॉक होम स्क्रीन लेआउट' असतं. ते चालू नसेल तर बोट जरा जास्त वेळ टेकलं की चौकोन हलतात. थरथरत्या बोटाने आठवड्याभरात चारातला एक कुठेतरी हरवतो आणि 'तू लावलेलं ते गेलं बघ' असा फोन येतो. तोही हुडकून हुडकून, नेहमीच्या यादीतून लावलेला.

विजेट नसलं तरी काही कामं होमस्क्रीनवर आणता येतात. पैसे भरण्याच्या बहुतेक अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की 'स्कॅन'सारखा पर्याय येतो. तोच दाबून ओढला की त्याचा स्वतंत्र आयकॉन होतो. भाजीवाल्यासमोर अ‍ॅपचं पहिलं पान, त्यावरची कर्जाची जाहिरात, मग स्कॅन, असा फेरा वाचतो. पिन अर्थात द्यावाच लागतो. तसंच व्हॉट्सअ‍ॅपवर एखादं संभाषण उघडून वरच्या तीन ठिपक्यांत 'मोर' आणि त्यात 'अ‍ॅड शॉर्टकट' केलं की त्या माणसाचा आयकॉन होमस्क्रीनवर येतो. टॉर्च, हॉटस्पॉट, ब्लूटूथ यांची विजेट शोधत बसू नका. ती वरून खाली ओढायच्या पट्टीतच बरी.

विजेट थांबतं, जुनंच दाखवतं

घड्याळ सोडलं तर विजेट सतत ताजं नसतं, आणि तसं ते नसावंच. अँड्रॉइड स्वतःहून विजेट ताजं करतो ते जास्तीत जास्त दर ३० मिनिटांनी. त्याहून लवकर हवं असेल तर अ‍ॅपला स्वतः जागं राहावं लागतं. आणि नेमकं तेच आपल्याकडचे पुष्कळ फोन होऊ देत नाहीत. बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी ते मागे चालणारी अ‍ॅप झटपट मारून टाकतात. मग विजेटवर कालची तारीख राहते आणि गाणंही पडदा बंद झाल्यावर पाच मिनिटांत थांबतं. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच असल्याने उपायही एकच.

त्या अ‍ॅपच्या आयकॉनवर बोट दाबून 'अ‍ॅप इन्फो' उघडा. शाओमी, रेडमी, पोकोवर 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि बॅटरीच्या भागात 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. ओपो आणि रियलमीवर बॅटरीच्या भागात 'अलाऊ बॅकग्राउंड अ‍ॅक्टिव्हिटी' आणि 'अलाऊ ऑटो लाँच' असतं. विवोवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये मागे चालणाऱ्या अ‍ॅपची यादी सापडते, तिथे निर्बंध काढा. सॅमसंगवर बॅटरीत 'बॅकग्राउंड युसेज लिमिट्स' आणि त्यात 'नेव्हर ऑटो स्लीपिंग अ‍ॅप्स'मध्ये अ‍ॅपचं नाव घाला. आवृत्तीगणिक नावं जरा इकडेतिकडे होतात. ही सवलत दोन-तीन अ‍ॅपनाच द्या : गाण्याचं, कॅलेंडरचं, फार तर नोंदींचं. सरसकट दिलीत तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. अलीकडची अ‍ॅप उघडून 'क्लिअर ऑल' करायचा चाळा बहुतेकांना असतो. त्याने फोन वेगवान होतो ही समजूत जुनी झाली. वरच्या कंपन्यांच्या फोनवर त्या एका बटणाने विजेटांचाही प्राण जातो. सुटत नसेल सवय, तर त्याच पडद्यावर अ‍ॅपला कुलूप लावायची सोय असते ती वापरा.

विजेट करड्या रंगाचं झालं असेल आणि टॅप केल्यावर हलत नसेल, तर बहुधा कोणीतरी त्या अ‍ॅपवर 'फोर्स स्टॉप' केलेलं असतं. अँड्रॉइड १५ मध्ये असं विजेट मुद्दाम निष्प्रभ दाखवलं जातं. अ‍ॅप एकदा उघडलं की ते पूर्ववत होतं. मेमरी कार्डावर हलवलेल्या अ‍ॅपची विजेट चालत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. अ‍ॅप फोनच्या आतल्या मेमरीत परत आणा.

गाण्याचं बटण नेमकं कोणाचं

आता मीडिया कंट्रोल. गाणं लावलं की वरून ओढायच्या पट्टीत आणि लॉकस्क्रीनवर जे कार्ड दिसतं, ते अ‍ॅपने काढलेलं चित्र नाही. अ‍ॅप फोनला फक्त एवढं सांगतं : हे गाणं, हा गायक, एवढी लांबी, आता इथे पोहोचलं आहे. कार्ड फोन स्वतः तयार करतो. अँड्रॉइड ५ पासून ही व्यवस्था आहे, ११ मध्ये कार्ड नोटिफिकेशनच्या गर्दीतून वर काढलं गेलं आणि १३ मध्ये त्यावर पाच बटणांपर्यंत जागा झाली. हीच माहिती ब्लूटूथवरून कारच्या पडद्यावर, इअरबडला, मनगटावरच्या घड्याळाला जाते. म्हणून कुठलंही बटण दाबलं तरी तेच गाणं थांबतं.

हे एकदा कळलं की कितीतरी कोडी सुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कीर्तन लावलं की कार्डावर महाराजांचं नाव न येता 'एयूडी', पुढे तारीख आणि एक आकडा असं काहीतरी दिसतं. त्या फाइलमध्ये नावाची माहितीच नसते, मग फोन फाइलचं नाव दाखवतो. कारच्या पडद्यावर मराठी नावाऐवजी चौकोन-चौकोन आले तर दोष फोनचा नव्हे, त्या कारच्या स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नसतो. आणि यूट्यूबवर लावलेलं भजन पडदा बंद केल्यावर थांबतं, कार्डही जातं, यात बिघाड काही नाही. मागे चालू राहणं ही त्यांनी पैसे देणाऱ्यांसाठी राखलेली सोय आहे. नुसतं ऐकायचंच असेल तर गाण्याचं वेगळं अ‍ॅप किंवा फोनमधली फाइल वापरा.

कार्डावर सर्वांत उपयोगी जागा कोणती म्हणाल तर वरचा उजवा कोपरा. तिथे 'धिस फोन' किंवा इअरबडचं नाव लिहिलेली छोटी पट्टी असते. तिच्यावर टॅप केलं की आवाज कुठे पाठवायचा याची यादी येते : फोन, इअरबड, स्पीकर, कार. सॅमसंगवर हेच 'मीडिया आउटपुट' नावाने सापडतं. घरात स्पीकर आणि कानात इअरबड दोन्ही जोडलेले असताना ब्लूटूथ बंद-चालू करण्याची जी धांदल उडते, तिची गरजच उरत नाही.

गणपतीत घरोघरी होणारा एक प्रकार बघा. फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडला आहे, आरती चालू आहे, सगळे टाळ्या वाजवताहेत. तेवढ्यात फोन येतो. आरती थांबते, स्पीकरवर रिंग दणाणते, आणि कोणी चुकून उचलला तर पलीकडचं बोलणं अख्ख्या घराला. याला आधीच करून ठेवायचा बंदोबस्त असा. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या स्पीकरच्या नावापुढच्या चाकावर टॅप करा. 'फोन कॉल्स' किंवा 'कॉल्स' बंद करा, 'मीडिया ऑडिओ' चालू ठेवा. आता कॉलवरचं बोलणं फोनवरच राहील. कॉल आला की आरती मात्र थांबेलच, कारण एका वेळी कोणाचा आवाज पुढे हे फोन ठरवतो आणि कॉलचा मान पहिला. म्हणून आरतीपुरता फोन एरोप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ परत चालू करावं. सॅमसंगवाल्यांना आणखी एक सोय आहे : आवाजाच्या सेटिंगमध्ये 'सेपरेट अ‍ॅप साउंड'. तिथे गाण्याचं अ‍ॅप आणि स्पीकर अशी जोडी लावली की त्याच फोनवर कोणी रील उघडलं तरी त्याचा आवाज फोनमधूनच येतो, स्पीकरवर आरती चालूच.

कार्डावरची रेघ ओढून गाणं पुढे-मागे करता येतं. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला हे ठीक. दोन तासांच्या कीर्तनात बोट मिलिमीटरभर सरकलं तरी दोनेक मिनिटं उडतात. तिथे १० किंवा ३० सेकंद मागे-पुढे नेणारं बटण देणारं अ‍ॅप वापरा, पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये ते असतंच आणि कार्डावरही येतं. एकाहून जास्त अ‍ॅपमध्ये काही लावलेलं असेल तर कार्ड आडवं सरकवलं की दुसरं दिसतं. फोन बंद करून चालू केला तरी पुष्कळ अ‍ॅपचं शेवटचं कार्ड तिथे थांबलेलं असतं. टॅप केलं की सोडलं तिथून सुरू.

आवाजाचं बटण दाबल्यावर अँड्रॉइड ९ पासून मुळात मीडियाचाच आवाज कमी-जास्त होतो, रिंगचा नाही. रिंग लहान करायला गेलो आणि गाणंच बारीक झालं, याचं कारण ते. बटण दाबल्यावर येणाऱ्या पट्टीवर तीन ठिपके किंवा बाण असतो, तो उघडला की रिंग, अलार्म, कॉल, मीडिया वेगवेगळे दिसतात.

लोकलमध्ये एक हात कडीला आणि दुसरा बॅगेवर असताना कार्ड, रेघ सगळं विसरा. तिथे इअरफोनचं बटण. तारेच्या इअरफोनवर एकदा दाबलं की थांबतं किंवा सुरू होतं, दोनदा दाबलं की पुढचं, तीनदा दाबलं की मागचं. आयफोनवर आणि बहुतेक अँड्रॉइडवर हाच संकेत आहे. बिनतारी इअरबडचं तसं नाही, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. त्यांच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दोन टॅपना काय करायचं ते ठरवता येतं. गर्दीत कानाला धक्का लागून गाणं सारखं थांबत असेल तर एका टॅपचं काम काढूनच टाका.

कारमध्ये बसल्याबरोबर काल रात्रीचं काहीतरी आपोआप वाजू लागतं, याचाही खुलासा वर आलाच. कार जोडली गेली की ती फोनला 'वाजव' असा निरोप पाठवते, आणि फोन तो शेवटच्या अ‍ॅपकडे पोहोचवतो. फोनमध्ये शोधण्याआधी कारच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये 'ऑटो प्ले' आहे का ते बघा. तिथे नसेल तर उतरण्याआधी गाणं थांबवून कार्ड बाजूला सरकवून टाका. काही कारना याचाही फरक पडत नाही. त्यांच्यापुढे हात टेकायचे.

लॉकस्क्रीनवर कार्ड येतच नसेल तर क्रमाने बघा : लॉकस्क्रीनवर नोटिफिकेशन दिसायची परवानगी आहे का, त्या अ‍ॅपची नोटिफिकेशन बंद केलेली नाहीत ना, आणि मग बॅटरीचं वरचं प्रकरण. सॅमसंगवर वन यूआय (सॅमसंगने अँड्रॉइडला दिलेलं स्वतःचं रूप) ७ या आवृत्तीपासून हे कार्ड खाली छोट्या गोळीसारखं येतं. त्यावर टॅप केलं की मोठं होतं.

आयफोनवर

रिकाम्या जागी बोट धरा, आयकॉन थरथरू लागले की वरच्या कोपऱ्यातून विजेट घाला. एका जागी दहापर्यंत विजेट रचता येतात. ती आपोआप बदलतात, आणि हवं ते नेमकं हवं तेव्हा समोर नसतं. रचलेल्या विजेटवर बोट धरून 'एडिट स्टॅक'मध्ये 'स्मार्ट रोटेट' बंद केलंत की शांतता. आयओएस १७ पासून विजेटवरच खूण करणं, गाणं थांबवणं जमतं. त्याआधीच्या आवृत्तीत विजेट नुसतं बघायचं, टॅप केलं की अ‍ॅप उघडतं. लॉकस्क्रीनवर छोटी विजेट आयओएस १६ पासून लावता येतात. इअरबडचं चार्जिंग दाखवणारं 'बॅटरीज' तिथे जरूर लावा.

गाणं कंट्रोल सेंटरमधून, म्हणजे उजव्या कोपऱ्यातून खाली ओढून. आवाज कुठे पाठवायचा ते त्याच कार्डावरच्या एअरप्लेच्या खुणेत. रात्री भजन लावून झोपणाऱ्यांसाठी एक दडलेली सोय आहे : घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये टायमर उघडा, 'व्हेन टायमर एंड्स'मध्ये तळाशी 'स्टॉप प्लेइंग' निवडा. अर्ध्या तासाने काहीही वाजत असलं तरी थांबतं. अँड्रॉइडवर त्यासाठी गाण्याच्या अ‍ॅपमध्येच 'स्लीप टायमर' शोधावा लागतो.

फुकटच्या विजेट-अ‍ॅपबद्दल

प्ले स्टोअरवर सुंदर 'म्युझिक विजेट' देणारी ढीगभर अ‍ॅप आहेत. लावायला गेलात की 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' मागतात. त्यात लबाडीच असते असं नाही. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये काय वाजतंय हे जाणून घ्यायचा अँड्रॉइडवर बाहेरच्या अ‍ॅपना तोच मार्ग आहे. पण या परवानगीने ते अ‍ॅप तुमच्या सगळ्याच नोटिफिकेशन वाचू शकतं, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि बँकेचे मेसेजही. अँड्रॉइड १५ मध्ये ओटीपी अशा अ‍ॅपपासून लपवायची तजवीज आली. त्याआधीच्या फोनवर ती नाही. सुंदर चौकोनासाठी एवढी किंमत मी मोजणार नाही. गाण्याच्या अ‍ॅपचं स्वतःचं विजेट असतं, त्याला ही परवानगी लागत नाही. आधी कोणाला दिली आहे का ते बघायला सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' टाइप करा. यादीत घड्याळ किंवा कारचं अ‍ॅप असेल तर ठीक. ओळखीचं नसलेलं जे दिसेल ते बंद करा.

होमस्क्रीनवर व्हॉट्सअ‍ॅपचं न वाचलेल्या मेसेजचं विजेट लावण्याआधी तुमचा फोन घरात, ऑफिसात कोणाकोणाच्या हातात जातो ते आठवा. आयफोनवर फोन लॉक असताना काय दिसावं ते 'फेस आयडी अँड पासकोड'च्या तळाशी ठरवता येतं.

सगळं मनासारखं लागलं की होमस्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून गुगल फोटोजमध्ये किंवा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. नवा फोन घेतला, विशेषतः वेगळ्या कंपनीचा, की अ‍ॅप परत येतात पण विजेट बहुधा येत नाहीत. आईच्या फोनवर कोणते चार चेहरे कोणत्या क्रमाने होते हे तेव्हा आठवत नाही. क्रम बदलला की तिला सगळं नव्याने शिकावं लागतं.